डाव्या चाकाची न सुटणारी पकड

मी एक जुना ब्रेक कॅलिपर आहे, मित्रांनो. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. तुमच्या घरी, शेजारी किंवा शाळेच्या बसला माझे भाऊबंद नक्की आहेत. गाडीच्या चाकामागे एक लोखंडी चकती चाकाबरोबर गरगर फिरत असते, तिला सगळे डिस्क म्हणतात. त्या डिस्कला दोन्ही बाजूंनी धरायला जो ओबडधोबड तुकडा बसवलेला असतो, तो मी. एका चंदेरी गाडीच्या पुढच्या डाव्या चाकात मी अकरा वर्षं काढली. माझी गोष्ट सांगताना मधेमधे मला राग येईल, तो तुम्ही सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्याशा ओतशाळेत झाला. मी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. तापलेला रस साच्यात ओतला, थंड झाल्यावर साचा फोडून मला बाहेर काढलं, घासलं, भोकं पाडली आणि पोटात एक दट्ट्या बसवला. माझ्यासारखे शेकडो एका खोक्यात भरले होते. आमच्यातला कोण कुठल्या गाडीला जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला मिळाली शहाडच्या आबांची गाडी, आणि आजही मला वाटतं की माझं नशीब वाईट नव्हतं.

माझं काम सांगायला सोपं आहे. गाडी चालवणाऱ्याने ब्रेकवर पाय ठेवला की नळीतून ब्रेक ऑइल जोराने माझ्या पोटात येतं, दट्ट्या पुढे सरकतो आणि मी डिस्कला दोन्हीकडून आवळतो. पाय उचलला की मी तिला सोडतो. धरायचं आणि सोडायचं, बस. गंमत अशी की लोक फक्त धरण्याचं बोलतात. "ब्रेक काय कडक लागतो!" असं म्हणणारे मला पुष्कळ भेटले. "ब्रेक काय छान सुटतो!" असं म्हणणारा एकही माणूस अकरा वर्षांत भेटला नाही.

आणि खरं सांगू, सोडणं हेच जास्त नाजूक काम आहे. मी गाडीला घट्ट आवळून बसवलेला नसतो. दोन गुळगुळीत पिनांवर मी केसभर मागे-पुढे सरकतो. त्या केसभर जागेतच माझी सारी मोकळीक असते. पिनांवर धूळ आणि पाणी जाऊ नये म्हणून त्यांच्यावर रबराच्या छोट्या टोप्या असतात. आंबिवलीच्या रस्त्यावर महेंद्र नावाच्या मेकॅनिकचं गॅरेज आहे. तो दरवर्षी मला उघडायचा, पिना पुसायचा आणि एका छोट्या ट्यूबमधलं वेगळं, रबराला चालणारं ग्रीस लावून पुन्हा बंद करायचा. दहा मिनिटांचं काम, पण तो ते गाणं गुणगुणत आणि मन लावून करायचा.

बाकी माझ्याकडे बघायला कुणाला वेळ होता? रविवारी गाडी धुतली जायची तेव्हा चाकांच्या रिमला शाम्पू लागायचा, टायरला काळं पॉलिश लागायचं. मी मात्र ब्रेकच्या काळ्या भुकटीने माखलेला, मागे अंधारात बसलेला. मला त्या रिमचा हेवा वाटायचा. तो नुसता फिरतो, मी गाडी थांबवतो, आणि कौतुक त्याचं! हे मी कबूल करतो, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या हौसेचाही थोडा हात आहे.

आता घरच्या माणसांची ओळख करून देतो. आबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं टर्नर होते, म्हणजे लेथ मशिनवर लोखंड कातायचे. निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी त्यांनी ही गाडी घेतली. त्यांच्या डाव्या हाताच्या तर्जनीला नख नाही, ते लेथवर गेलं. गेल्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी गाडी चालवणं सोडलं. मग गाडी त्यांचा मुलगा प्रितम आणि सून कृतिका यांच्याकडे आली. कृतिका ठाण्याच्या एका लॅबमध्ये काम करते, ती आठवड्यातून चार दिवस मला कल्याण, रांजणोली, माजिवडा करत घेऊन जायची. तिचा पाय हलका आहे. ब्रेक ती हळू लावायची आणि हळू सोडायची. मला ती आवडायची.

प्रितमचं तसं नव्हतं. तो डोंबिवलीच्या कंपनीत दिवसभर संगणकासमोर बसायचा आणि घरी येऊन मोबाईलवर शर्यतीच्या गाड्या बघायचा. घाटापलीकडे एक ट्रॅक आहे म्हणे, तिथे महिन्यातून एकदा कुणालाही स्वतःची गाडी जोरात चालवू देतात. प्रितमने दिवाळीनंतरच्या रविवारी तिथे नाव नोंदवलं. आणि शर्यतीच्या गाड्यांचे कॅलिपर लाल असतात, तर आपलेही लाल हवेत, असं त्याच्या मनाने घेतलं. ते ऐकून मी किती हुरळून गेलो म्हणून सांगू!

खंडेनवमीच्या दोन दिवस आधी प्रितमने बिल्डिंगखाली गाडी जॅकवर चढवली आणि चाकं काढली. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर सरळ ऊन पडलं. त्याने तारेच्या ब्रशने माझा गंज घासला, फवारा मारून तेलकट मळ धुतला आणि मला कोरडा होऊ दिला. उष्णतेला टिकणारा खास रंग त्याने आणला होता. डब्यावरच्या सूचना तो बोट ठेवून वाचत होता. मग त्याने माझ्या रबरी टोप्यांवर आणि ऑइलच्या तोटीवर कागदी टेप चिकटवायला घेतली. मुलगा काम अगदी बरोबर करत होता, हे मी आज छातीठोकपणे सांगतो.

तेवढ्यात आबा खुर्ची घेऊन खाली आले.

"अरे, ह्या काय पट्ट्या चिकटवतोयस? त्याला लागलंय का काय?"

"मास्किंग टेप आहे आबा. रबरावर रंग जायला नको."

"चौतीस वर्षं खंडेनवमीला मशिनी रंगवल्या मी. एक पट्टी कधी लावली नाही. जिथे रंग नको तिथे ग्रीस फासायचं. रंग धरतच नाही. वाळला की फडक्याने पुसून काढायचा. काढ ते सगळं."

"पण डब्यावर टेपच लिहिलीय."

"डब्यावर लिहिणाऱ्याने लेथ चालवलाय का कधी?"

मित्रांनो, आबांचं म्हणणं उगाच नव्हतं. वागळे इस्टेटमध्ये खंडेनवमीच्या आधी कारखान्यांतल्या मशिनी थांबवतात, धुतात आणि त्यांना नवा रंग देतात. मग झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा होते. मशिनच्या सरकत्या भागांवर रंग बसू नये म्हणून कामगार तिथे आधी ग्रीस माखतात. ही युक्ती आबांनी त्यांच्या उस्तादाकडून घेतली होती आणि पुढे कितीतरी पोरांना शिकवली होती. कारखान्यात ती अगदी चोख चालते, कारण तिथे लोखंडावर लोखंड सरकतं.

प्रितमने टेप सोलून काढली. आबा घरात जाऊन जुन्या कारखान्यातला पिवळ्या ग्रीसचा डबा घेऊन आले. खाली बसताना त्यांचे गुडघे वाजले. त्यांनी टोप्यांवर ग्रीस फासलं, आणि तेवढ्यावर थांबतील तर ते आबा कसले! टोपी उचलून बिननखाच्या बोटाने त्यांनी आत, पिनांच्या भोवती ते ग्रीस गच्च भरलं.

"आता बघ, लोण्यासारखा पळेल," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मलाही बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी त्यांच्या हाताला काम दिलं होतं. बाकीच्या चाकांपाशी मात्र कंबर दुखायला लागली, म्हणून तिथे त्यांनी ग्रीस नुसतं टोप्यांवर फासलं.

पण ब्रेकचं रबर वेगळं असतं. मशिनचं साधं ग्रीस त्याला अजिबात सोसत नाही. ते ग्रीस पिऊन रबर फुगतं. हे आबांना माहीत नव्हतं, प्रितमला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मला कोण विचारतो?

त्यानंतर तीन पातळ हात लाल रंगाचे बसले. दुसऱ्या दिवशी मी असा काही झळकत होतो की त्या रिमने तोंड लपवावं. दसऱ्याला गाडीच्या पुढे माळ आली, चाकाखाली लिंबू आलं, कृतिकाने हळदकुंकू वाहिलं. बिल्डिंगमधली मुलं वाकून माझ्याकडे बोट दाखवत होती. "दादा, रेसिंगवाली केली काय गाडी? एकदम खतरनाक!" कुणीतरी म्हणालं. प्रितमने माझे फोटो काढले. अकरा वर्षांची भूक एका दिवसात भागली. मी फार खूश होतो, मित्रांनो, आणि आत माझ्या टोप्या हळूहळू फुगायला लागल्या होत्या.

पहिला आठवडा काही जाणवलं नाही. दुसऱ्या आठवड्यात पिना जड झाल्या. सरकायचो, पण उशिरा. मग एके सकाळी दुर्गाडीच्या पुलावर कृतिकाने ब्रेक लावला आणि पाय उचलला. मी नेहमीसारखा मागे सरकायला गेलो, आणि सरकलोच नाही. खालच्या पिनेला फुगलेल्या रबराने चारी बाजूंनी आवळलं होतं. गाडी पुढे निघाली आणि माझ्या तोंडातली डिस्क घासत घासत फिरू लागली. सोड, सोड, असं मी स्वतःला म्हणत होतो. सुटत नव्हतं. मी लोखंडाचा आहे, मला कुणी कधी हरवलं नव्हतं, आणि बोटभर रबराने मला जागच्या जागी बांधून ठेवलं.

अडकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. बाहेरून सगळं ठीक दिसतं. लाल रंग तसाच झळकतो. लोक तसंच कौतुक करतात. आणि आत तुम्ही पूर्ण दिवस, एकेक किलोमीटर, नको असलेली पकड धरून बसलेले असता. मी तापायचो. गाडी उभी राहिली की तासाभराने थोडा निवायचो. निघाली की पुन्हा तेच. रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

मला बोलता येत नाही, पण वास सोडता येतो. डिस्कला घासणारे माझ्या तोंडातले पॅड जळायला लागले की करपट वास सुटतो, तीच माझी हाक. कृतिकाने ती तिसऱ्याच दिवशी ऐकली.

"प्रितम, गाडी डावीकडे ओढतेय रे. आणि उतरले की कसला तरी जळका वास येतो."

"नवा रंग आहे गं. तापला की पहिले काही दिवस वास येणारच. डब्यावर पण लिहिलंय."

"एवढे दिवस?"

"येतो, येतो," आबा आतून म्हणाले. "आमच्या मशिनींना महिनाभर यायचा."

झालं! माझ्या रंगाने माझी हाकसुद्धा हिसकावून घेतली. मी जितकं ओरडावं तितकं सगळे म्हणत, नवा रंग आहे. प्रितमने टायरमधली हवा तेवढी तपासून घेतली. दिवाळी आली आणि गेली. रविवार जवळ आला.

त्या रविवारचा विचार माझ्या डोक्यातून जाईना. रस्त्यावर मी नुसता तापत होतो. ट्रॅकवर प्रितम गाडी शंभराच्या वर नेणार, वळणापाशी जोरात ब्रेक मारणार, पुन्हा नेणार. आधीच तापलेला मी आणखी तापलो की माझ्या पोटातलं ब्रेक ऑइल उकळणार. ऑइलमध्ये बुडबुडे झाले की ब्रेकवरचा पाय सरळ खाली जातो आणि गाडी थांबत नाही. माझ्या एका डाव्या चाकापायी त्या मुलाचा जीव जाणार होता. आणि मी, त्याला वाचवायलाच जन्मलेला, जागचा हलू शकत नव्हतो.

शनिवारी आबांची ठाण्याला डोळ्यांची तपासणी होती. कृतिका त्यांना घेऊन निघाली. रांजणोली ओलांडली, माणकोली गेली, रस्ता मोकळा मिळाला तशी गाडी पळू लागली आणि मी सगळं बळ लावून धुमसलो. खारेगावच्या अलीकडे कृतिकाने गाडी कडेला घेऊन थांबवली.

"काय झालं गं? उशीर होतोय," आबा म्हणाले.

"धूर येतोय आबा. डावीकडून."

"अगं, तो रंग—"

"रंग चारी चाकांना दिलाय ना? मग वास एकाच चाकाला का येतो?"

कृतिका खाली उतरली. उजव्या चाकाच्या रिमवर तिने हात टेकवला. कोमट होता. मग ती डावीकडे आली, हात जवळ आणला आणि झटकन मागे घेतला. बाटलीतलं चार थेंब पाणी तिने बोटांनी रिमवर शिंपडलं. चर्र आवाज झाला आणि थेंब उडून गेले. आबा काचेतून बघत होते.

"गाडी आता इथून हलणार नाही," ती म्हणाली. "तुमची तपासणी परवा करू. आधी महेंद्रदादांकडे." आणि तिने गाडी उचलून नेणारा टोइंगवाला बोलावला. आबा पुटपुटत राहिले, पण तिने ऐकलं नाही. मित्रांनो, त्या क्षणी मला हात असते तर मी तिला नमस्कार केला असता.

महेंद्रच्या गॅरेजमध्ये प्रितमही धावत आला. महेंद्रने चाक काढलं. माझा लाल रंग काळा पडून पापुद्रे सुटले होते. वरची पिन कशीबशी निघाली. खालची निघेना. मला गाडीवरून सोडवून, टेबलाच्या लोखंडी शिकंज्यात आवळून, त्याने हातोड्याचे घाव घातले तेव्हा ती बाहेर आली. रबराची टोपी त्याने चिमटीत धरून उजेडात नेली. ती फुगून दुप्पट झाली होती आणि हाताला चिकट लागत होती.

महेंद्रने ती हुंगली. त्याचा चेहरा उतरला.

"ह्याच्यात मशिनचं ग्रीस कोणी भरलं?"

आबा स्टुलावर बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. प्रितमने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"मी भरलं," प्रितम म्हणाला.

मग महेंद्रने त्याला असा झापला की बाजूचा चहावाला डोकावला. "अक्कल आहे का तुला? यूट्यूब बघून मेकॅनिक झालास? उद्या ट्रॅकवर जाणार होतास ना? तिसऱ्या राउंडला पाय खाली गेला असता आणि गाडी सरळ भिंतीत! माझ्याकडे आणायला काय झालं होतं? दहा मिनिटांचं काम होतं!" प्रितम मान खाली घालून ऐकत होता. कृतिका नवऱ्याकडे अविश्वासाने बघत होती. आणि आबा चष्मा पुसत होते. तो केव्हाचा स्वच्छ झाला होता.

मला भयंकर राग आला. बोला ना, आबा! मी शिकंज्यातून ओरडत होतो. पण त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि माझा राग ओसरला. बिननखाचं बोट ते रुमालाखाली लपवत होते. चौतीस वर्षांची कारागिरी त्यांनी घट्ट धरून ठेवली होती आणि ती त्यांना सोडता येत नव्हती. सोडता न येणं म्हणजे काय, हे त्या गॅरेजमध्ये माझ्याइतकं कुणाला कळत होतं?

आबा उठले. मला वाटलं, आता बाहेर जातील. ते शिकंज्यापाशी आले. माझ्या पिनेच्या भोकात त्यांनी ते बिननखाचं बोट घातलं आणि पिवळट मळ बाहेर काढला.

"महेंद्र, त्याला बोलू नकोस."

"आबा, तुम्ही मध्ये पडू नका. ह्याला कळायला पाहिजे."

"त्याला कळत होतं. त्याने टेप लावली होती. मी काढायला लावली." आबांनी ते मळकं बोट वर केलं. "ग्रीस माझं. बोट पण माझं."

"आबा, राहू दे ना," प्रितम म्हणाला.

"काय राहू दे? उद्या गाडीत तू असतास."

एवढं बोलून ते रडले. मोठ्याने नाही, पण रडले. प्रितमने त्यांना स्टुलावर बसवलं आणि स्वतः त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. महेंद्रने हातातला हातोडा खाली ठेवला. कृतिकाने आबांच्या हाताला लागलेलं ग्रीस आपल्या ओढणीने पुसलं. मी तिथेच शिकंज्यात होतो. माझ्या पिना निघाल्या होत्या, आता मी हवा तसा सरकू शकत होतो. फक्त धरायला डिस्क नव्हती.

मी फार तापलो होतो, माझ्या पोटातलं, ऑइल आत अडवून ठेवणारं सीलही गेलं होतं. त्यामुळे गाडीला नवा कॅलिपर लागला. प्रितम त्या रविवारी गेला नाही, पुढच्या महिन्यात गेला आणि हसत परत आला. नवा भाऊ लालच आहे. त्याला रंग देताना टोप्यांवर टेप प्रितमने चिकटवली आणि टेपचे तुकडे कापून देत आबा शेजारी बसले होते, असं कृतिका महेंद्रला सांगत होती, ते मी ऐकलं. महेंद्रने मला भंगारात घातलं नाही. त्याने मला ती फुगलेली टोपी घालून भिंतीवर टांगलं आहे. रंगाचा डबा घेऊन कुणी आलं की तो आधी मला दाखवतो.

मित्रांनो, तुमच्या गाडीला रंग जरूर द्या. रंग देणं वाईट नाही, मला तर फार आवडला होता. पण ज्या वस्तूला हात लावाल तिला काय चालतं ते आधी तिच्या जाणकाराला विचारा. आणि गाडीतून जळका वास आला, तर घरातल्या सगळ्यांनी काही नाही म्हटलं तरी तुम्ही गाडी थांबवायला सांगा. खाली उतरा आणि चाकापाशी जा. आत कुणीतरी अडकलेलं असतं, आणि त्याला तुमच्याशिवाय कुणी नसतं.